घडी, कात्री आणि सहा पाकळ्या

(हिवाळी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना हातात कागद होता. इथे त्याची जागा शब्दांनी भरून काढली आहे.)



डच भाषेत 'फ्रोबेलेन' असं एक क्रियापद आहे. ऑफिसात कुणी अर्धा तास एकाच तक्त्याचे रंग बदलत बसलं की शेजारचा म्हणतो, हा फ्रोबेलेन करतोय. आपल्याकडे 'खुडबुड करत बसणं' म्हणतात, साधारण तेच. आज कार्यक्रमपत्रिकेवर 'कागदाचे हिमकण : मुलांसाठी' असं लिहिलं आहे आणि मोठ्यांसाठी चहा आहे. संयोजकांना मी विनंती केली की चहाआधीची काही मिनिटं मला मोठ्यांशी बोलू द्या, कारण हे क्रियापद ज्या माणसाच्या नावावरून पडलं त्याचा आणि या कागदी हिमकणाचा फार जवळचा संबंध आहे. आणि आपल्याशीही आहे.

फ्रीडरिश फ्रोबेल (१७८२ ते १८५२) हा जर्मन शिक्षक. 'किंडरगार्टन' हा शब्द त्याने १८४० साली दिला, म्हणजे बालवाडीचा तो जनक. पण शिक्षणपद्धतीवर नाव व्हायच्या आधी, १८१४ पासून दोनेक वर्षं, तो बर्लिनच्या विद्यापीठात खनिजांच्या संग्रहालयात साहाय्यक होता. त्याचे वरिष्ठ क्रिस्टियान सामुएल वाइस. स्फटिकांचं अक्षांवरून वर्गीकरण करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक. दिवसभर स्फटिक हातात घ्यायचे, कोन पाहायचे, पेटीत लावायचे. हाच माणूस पुढे लहान मुलांना लाकडी गोल, घन, ठोकळे आणि घड्या घालायला चौकोनी कागद देतो, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. मी स्वतः स्फटिकांवर काम करते, त्यामुळे मला तो थोडासा आमच्यातला वाटतो. कागदाची घडी ही त्याच्या दृष्टीने करमणूक नव्हती. निसर्गात जी नियमितता आहे ती हाताला समजावी, शब्द यायच्या आधी, एवढा साधा हेतू होता.

आणि यातून काय झालं? १८५१ च्या ऑगस्टमध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण, नास्तिकपणा आणि समाजवाद पसरतो! फ्रोबेलच्या कार्ल नावाच्या पुतण्याच्या लिखाणाशी घोळ घालून ही बंदी आली असं मानतात. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० साली. चार वर्षांच्या पोरांनी कागद दुमडल्यामुळे राज्य उलथेल अशी भीती वाटणारं सरकार विनोदी खरं, पण त्या सरकारला एक गोष्ट बरोबर कळली होती. किंडरगार्टनच्या चळवळीत बायका होत्या. शिक्षिका म्हणून प्रशिक्षण घेऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या बायका. नेदरलंड्समध्ये फ्रोबेलचा प्रचार केला तो एलिझे फान काल्कार (१८२२ ते १९०४) या लेखिकेने, आणि ती स्त्रियांच्या प्रश्नांवरही लिहीत होती. इथे त्याआधी लहान मुलांच्या शाळेला 'बेवारस्खोल' म्हणत. शब्दशः अर्थ, मुलं 'ठेवण्याची' शाळा, सामान ठेवावं तशी.

आता आपल्याकडे या. १८८६ साली पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या, हे आपल्याला शाळेच्या पुस्तकामुळे माहीत असतं. त्यानंतर त्या तिथे राहिल्या आणि किंडरगार्टन शिक्षणपद्धतीचं रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतलं, मराठीत मुलांसाठी पुस्तकं तयार करायला घेतली, हे सहसा सांगितलं जात नाही. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त 'आश्रय' नव्हता. बालविधवा शिकेल, शिक्षिका होईल, स्वतःचं पोट भरेल हा हिशेब होता, आणि लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र हा त्या हिशेबातला एक भाग. परदेशात राहून आलेली मराठी विदुषी बरोबर काय घेऊन परत आली, तर यातलं बरंच काही हाताने करायचं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. आपण भारतात जाताना चॉकलेटं नेतो.

दुसरा धागा मद्रासचा. तंडालम सुंदर राव हे तिथल्या महसूल खात्यातले अधिकारी. १८९३ साली त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक छापलं, कागदाच्या घड्यांनी भूमिती शिकवणारं. त्याची कल्पना किंडरगार्टनच्या साहित्यातल्या घडीच्या कागदांवरून सुचली असं ते प्रस्तावनेत सांगतात. पट्टी नाही, कंपास नाही, नुसता चौकोनी कागद, आणि त्यातून पंचकोन, षट्कोन, पुढे वक्ररेषासुद्धा. जर्मनीतला मोठा गणिती फेलिक्स क्लाइन याने त्या पुस्तकाचा उल्लेख केला आणि मग १९०१ साली ते शिकागोहून निघालं. बर्लिनच्या खनिजांच्या पेटीपासून मद्रासच्या कचेरीपर्यंत ही घडी अशी आली. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकात बसून कचऱ्यातून जी खेळणी केली, वर्तमानपत्राच्या ज्या टोप्या केल्या, त्या मला याच रांगेतल्या वाटतात.

आता हातातला कागद. एक तक्रार आधी करून घेते. डिसेंबर आला की दुकानांत, भेटकार्डांवर, गुंडाळण्याच्या कागदावर आठ पाकळ्यांचे हिमकण दिसायला लागतात. आठ पाकळ्यांचा हिमकण निसर्गात नसतो. २००९ साली थॉमस कूप नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये पत्र लिहून हीच तक्रार केली होती, त्यामुळे या वेडात मी एकटी नाही. आठ पाकळ्या येतात कुठून? आपल्या आळसातून. चौकोनी कागद अर्धा, पुन्हा अर्धा, मग कर्णावर अर्धा, अशा तीन घड्या घातल्या की चार पाकळ्यांची नक्षी मिळते, चौथी घातली की आठांची. अर्ध्याचं अर्धं करणं हाताला सोपं. तिसरा हिस्सा करणं कठीण. कुटुंबात वाटणी करणाऱ्यांना हे ठाऊक आहे.

सहा पाकळ्यांसाठी असं करा. चौकोनी कागद कर्णावर दुमडा, त्रिकोण होईल. त्याच्या लांब बाजूचा मध्य चिमटीने दाबून खूण करा. त्या मध्याशी सरळ कोन आहे, एकशेऐंशी अंशांचा. त्याचे तीन सारखे भाग करायचे: उजवी बाजू डावीकडे आणि डावी बाजू उजवीकडे अशी दुमडा, की दोन्ही एकमेकांवर नीट बसतील. झाला साठ अंशांचा सुळका. इथे पुष्कळ जण थांबतात आणि कात्री चालवतात, आणि मग उघडल्यावर तीनच हात का आले म्हणून बुचकळ्यात पडतात. सुळका आणखी एकदा मधोमध दुमडायचा. आता तीस अंश आणि कागदाचे बारा थर. वरची वेडीवाकडी टोकं तिरपी कापून टाका, मग कडांना हवे तसे दात, खाचा, त्रिकोण कापा. बारा थर एका वेळी कापले जातात, म्हणून सहाही पाकळ्या सारख्या आणि प्रत्येक पाकळीच्या दोन्ही बाजू सारख्या.

साठ अंश अंदाजाने न घेता नेमके हवे असतील त्यांच्यासाठी सुंदर रावांच्या धर्तीची युक्ती आहे. कागद उभा अर्धा दुमडून उघडा, मधोमध रेघ पडेल. आता डावा खालचा कोपरा जागच्या जागी धरा आणि उजवा खालचा कोपरा उचलून त्या मधल्या रेघेवर टेकवा. डाव्या कोपऱ्यापासून टेकलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर कागदाच्या बाजूइतकंच, कारण ती बाजूच आहे, आणि आडवं अंतर त्याच्या निम्मं. म्हणजे कोन बरोबर साठ अंशांचा. नववीतली त्रिकोणमिती, पण पाच वर्षांच्या मुलालाही करता येते, फक्त त्याला 'कोसाइन' म्हणायचं नाही.

ओरिगामीवाले म्हणतील, कात्री लावली की ती ओरिगामी नाही, किरिगामी झाली. ठीक आहे. जपानच्या अकिरा योशिझावा (१९११ ते २००५) यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन १९५५ साली आपल्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये भरलं होतं, गेर्शॉन लेगमन या अमेरिकन संग्राहकाच्या खटपटीने. जपानबाहेर ओरिगामीकडे कला म्हणून पाहिलं जायला त्या प्रदर्शनाचा मोठा हात आहे. योशिझावा तरुणपणी कारखान्यात कामाला होते आणि नव्या कामगारांना भूमिती समजावताना ते घड्या वापरत. कात्रीच्या बाजूने बोलायचं तर याच शहरात योआना कूर्टेन (१६५० ते १७१५) ही बाई कात्रीने कागदात चित्रं कापायची, माणसांचे चेहरे, जहाजं, आणि रशियाचा झार पीटर तिचं काम पाहायला आला होता. तेव्हा दोन्ही पंथांनी आपापसात समजुतीने घ्यावं. आपल्याकडे तर भांडणच नाही: गणपतीच्या मखराला पतंगी कागद दुमडून जाळी कापलेली असते, आकाशकंदिलाला करंज्या आणि झिरमिळ्या असतात, आणि तिला किरिगामी म्हणतात हे कुणाला माहीतही नसतं.

हिमकण सहाच हातांचा का, हा प्रश्न केप्लरने १६११ साली प्राग शहरात विचारला. आश्रयदात्याला नववर्षाची भेट द्यायला पैसे नव्हते, कोटावर हिमकण पडले, आणि त्याने एक छोटी पुस्तिकाच लिहून दिली. 'निक्स' म्हणजे लॅटिनमध्ये बर्फ आणि जर्मनमध्ये जवळपास 'काही नाही'. ही त्याची कोटी. सहाच का, पाच किंवा सात का नाही, हे तो शोधतो आणि शेवटी उत्तर पुढच्यांवर सोडून देतो. चोवीस वर्षांनी, १६३५ च्या फेब्रुवारीत, अ‍ॅम्स्टरडॅममध्ये बर्फ पडला तेव्हा रने देकार्तने नुसत्या डोळ्यांनी हिमकण पाहून त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. सहा हातांचे तारे, चपट्या षट्कोनी चकत्या, दोन्ही टोकांना चकत्या असलेले खांब, आणि क्वचित बारा हातांचेही. हे सगळं १६३७ साली लायडनमध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात आहे, ज्याच्या पहिल्या भागातलं 'मी विचार करतो' आपण सगळे जाणतो आणि पुढचा हवामानावरचा भाग कुणी वाचत नाही.

एक गोष्ट त्याच्याच बाबतीतली, जी त्या ग्रंथात नाही. त्या सुमारास तो वेस्टरमार्क्टवरच्या एका घरात राहत होता, घरावर आज पाटी आहे. त्या घरातली मोलकरीण हेलेना यान्स तेव्हा त्याच्यापासून गरोदर होती. १६३५ च्या जुलैत डेव्हेंटरला मुलगी झाली, फ्रान्सिन. पाच वर्षांची होऊन ती तापाने गेली. हिमकण पडले तेव्हा हेलेनाला चौथा महिना असावा. कोणता हिमकण कसा होता याची नोंद आहे. चुलीशी कोण होतं, कपडे कुणी वाळवले, त्या बाईला काय वाटत होतं, याची नोंद नाही. देकार्तला मी त्यामुळे लहान मानत नाही. पण हात आणि डोकं वेगळं मोजण्याची सवय किती जुनी आहे, हे त्या घरासमोरून ट्रॅमने जाताना मला आठवतं.

सहाचं उत्तर आज आपल्याला माहीत आहे. पाण्याचा प्रत्येक रेणू बर्फात चार शेजाऱ्यांना धरून असतो आणि त्या मांडणीत सहा-सहांची कडी तयार होतात. षट्कोनी चकती वाढू लागली की तिचे कोपरे दमट हवेत जास्त पुढे आलेले असतात, त्यांना वाफ आधी मिळते, म्हणून कोपऱ्यांवर फांद्या फुटतात. १९३६ साली होक्काइडोत उकिचिरो नाकायांनी सशाच्या केसावर प्रयोगशाळेतला पहिला हिमकण वाढवला आणि दाखवलं की आकार तापमान आणि बाष्पावर ठरतो: शून्याखाली पाच अंशांच्या आसपास सुया आणि खांब, पंधराच्या आसपास फांद्यांचे तारे. सहा हात सारखे दिसतात ते एकमेकांशी बोलून नव्हे. सहाही जण एकाच ढगातून, एकाच हवेतून आलेले असतात म्हणून. आणि खरं सांगायचं तर बहुतेक हिमकण ओबडधोबड, मोडके असतात. अमेरिकेतल्या व्हर्मांटच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ पासून आयुष्यभर पाच हजारांवर हिमकणांचे फोटो काढले, पण देखणे तेवढे निवडून. कागदाचा हिमकण खऱ्यापेक्षा जास्त नियमित असतो, कारण त्याला कुणीतरी घडी घातलेली असते.

आता ज्यासाठी मी चहा थांबवला आहे ते. मागच्या काही वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक वाक्य ऐकलं आहे. 'मुलगी साडेपाच वर्षांची झाली, शाळेत अजून कागदच कापतात. भारतात असती तर आतापर्यंत वाचायला लागली असती.' इथे चौथ्या वर्षी मूल शाळेत जातं आणि वाचन रीतसर सुरू होतं ते ग्रूप ३ मध्ये, सहाव्या वर्षी. मधली दोन वर्षं घड्या, वाळू, गाणी, कात्री. ही फ्रोबेलची उरलेली पुण्याई आहे. ती आपल्याला वाया गेलेली वर्षं वाटतात. मग घरी वर्कबुकं येतात, शनिवारी गणिताचा क्लास लागतो.

ही काळजी मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. जी व्यवस्था सहाव्या वर्षापर्यंत खेळू देते तीच बाराव्या वर्षी मुलांची वर्गवारी करते, आणि शिक्षकांचा सल्ला स्थलांतरितांच्या मुलांच्या बाबतीत खालच्या बाजूला झुकतो ही तक्रार इथे वर्षानुवर्षं होते आहे. २०२० साली करोनामुळे शेवटची चाचणीच रद्द झाली तेव्हा नुसत्या सल्ल्यावर मुलांचं पुढचं ठरलं, आणि तो वाद पेपरांत गाजला. आपली बहुतेकांची मुलं दोन पदवीधर आईबापांची. सल्ल्याविरुद्ध भांडायला आपल्याला भाषाही आहे आणि वेळही. शेजारच्या इमारतीतल्या सफाई कामगाराच्या मुलीला नाही. तेव्हा भांडायचं असेल तर बाराव्या वर्षीच्या त्या चाळणीशी भांडू या, आणि तिच्यासाठीसुद्धा. पाचव्या वर्षीची कात्री काढून घेऊन ते भांडण जिंकता येत नाही.

दुसरं थोडं बोचरं आहे. आपण ज्या घरांतून आलो, निदान या खोलीतल्या पुष्कळांची घरं अशी होती की हाताने काम करणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम. सुताराचं, शिंप्याचं, चांभाराचं. हातात पुस्तक असलं की मूल 'अभ्यास' करतं आणि हातात कात्री असली की 'टाइमपास'. ही विभागणी डचांनी शिकवलेली नाही, आपण बरोबर घेऊन आलो आहोत. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवला, आणि तिला सर्वांत थंड प्रतिसाद मिळाला तो शिकल्यासवरलेल्या मध्यमवर्गाचा: आमच्या मुलांनी काय सूत कातायचं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला, मग कोसबाडला गेल्या आणि महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तूंनी आदिवासी मुलांची बालवाडी चालवली. आज अंगणवाडी म्हणतो तिचं मूळ तिथे आहे. त्या अंगणवाडीताईंना अजूनही कर्मचाऱ्याचा पगार नाही, 'मानधन' मिळतं. इथेही लहान मुलांच्या शिक्षिकांची वेगळी शाळा आणि वेगळं प्रशिक्षण होतं. १९८५ च्या सुमारास सगळं प्राथमिक शाळेत विलीन झालं आणि चार-पाच वर्षांच्या मुलांचं खास ज्ञान पातळ झालं अशी जुन्या शिक्षिकांची खंत आहे. 'फ्रोबेलेन' हा शब्द थट्टेचा का झाला असावा, याचं एक उत्तर मला इथे दिसतं. जे काम बायका लहान मुलांबरोबर करतात ते खुडबुडच ठरतं.

अनिल अवचटांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉक्टर, पत्रकार, १९८६ साली सुनंदाताईंबरोबर मुक्तांगण उभं करणारा माणूस, विडी कामगारांवर, हमालांवर लिहिणारा, आणि तोच माणूस ओरिगामीत रमायचा. 'छंदांविषयी' या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं आहे. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. पुरोगामी माणसाने सदैव गंभीर चेहऱ्याने हिंडावं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पुस्तक जरूर मिळवावं.

राहता राहिला खरा बर्फ. देकार्तच्या आदल्या पिढीत हेंड्रिक आव्हरकाम्पने गोठलेल्या कालव्यांवरची जी चित्रं काढली, त्यातली राइक्समध्ये आपण पाहुण्यांना दाखवतो. तसे हिवाळे आता नाहीत. अकरा शहरांची स्केटिंगची शर्यत शेवटची झाली ती ४ जानेवारी १९९७ रोजी. डे बिल्टला नाताळच्या दोन्ही दिवशी जमिनीवर बर्फ असेल तरच हवामान खातं त्याला 'पांढरा नाताळ' म्हणतं. तसे शेवटचे दोन २००९ आणि २०१० चे, त्याआधीचा १९८१ चा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा देश दोन अंशांहून जास्त तापला आहे. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांच्या खिडकीवर कागदाचे हिमकण असतात आणि खिडकीबाहेर पाऊस. पुण्यात वाढलेल्या मला पुस्तकात बर्फ दिसायचा आणि बाहेर पाऊस. फरक वाटला होता तितका राहिलेला नाही.

तर टेबलं मांडलेली आहेत. जुनी वर्तमानपत्रं चौकोनी कापून ठेवली आहेत, नवा कागद मुद्दाम आणलेला नाही. कात्र्या चौदा आहेत, त्यातल्या दोन डावऱ्यांसाठी, लाल मुठीच्या. मुलांनी मोठ्यांना शिकवायचं आहे, उलट नाही. ग्रूप २ मधल्यांना तिसरा हिस्सा दुमडायला फार छान येतो, मी मघाशी पाहिलं. शेवटची मधोमध घडी विसरू नका, नाहीतर तीन हात येतील. ज्यांचे आठ येतील त्यांनीही लावा खिडकीवर, मी बघणार नाही. चहा मागच्या बाजूला आहे.